बोलीत गेलेला एलिव्हेटर

गेल्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात मी भिशीच्या लिलावात सख्ख्या साडूवर चढ करून बोली लावली, लिलाव जिंकलो आणि मेहुण्याच्या मशीनचा एलिव्हेटर घालवून बसलो. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की लोक हसतात. तुम्हीही हसून घ्या, मी थांबतो.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे वास. एसटीनं कंधार सोडलं, जांबच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून तो वास आत आला. वाळलेला पाला, गरम धूळ, थ्रेशरचं डिझेल, आणि या सगळ्याच्या खाली सोयाबीनचा स्वतःचा एक कोंदट, किंचित गोडसर वास. अर्ध्या रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं. कडेनं राखणीला दगड मांडलेले. ड्रायव्हर त्या दगडांना मान देऊन गाडी उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून नेत होता. शेजारी बसलेल्या गृहस्थानं खिडकीतून हात बाहेर काढून हवेत काहीतरी चाचपलं आणि म्हणाला, "वाळलं. उद्या भरतील." मला हेवा वाटला. एवढी वर्षं अर्थव्यवस्था शिकवतोय, पण हात बाहेर काढून मला कधी काही कळलेलं नाही.

आमच्याकडचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत नाही. ते दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतं. शिंप्याचे पैसे, दवाखान्याचं बिल, कॉलेजची फी, सगळ्याला एकच उत्तर असतं: सोयाबीन आल्यावर. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा फीबद्दल विचारलं की हेच सांगतात, आणि मग मी फळ्याकडे वळतो. फळ्यावर दोन वर्तुळं काढतो. डाव्या वर्तुळात लिहितो 'बचत', उजव्यात 'गुंतवणूक'. मध्ये एक बाण. बाणावर लिहितो 'बँका, बाजार, वित्तीय संस्था'. मग आवाज जरा खाली आणून सांगतो, की देशाची वाढ या बाणावर अवलंबून असते. कुणाच्या तरी घरात नुसता पडून असलेला पैसा कुणाच्या तरी कामाला लागला, की कारखाना उभा राहतो, विहीर खोदली जाते, माणूस गाव सोडत नाही. यावर विद्वानांत एक जुना वाद आहे. बँका आणि बाजार आधी येतात आणि त्यांच्यामागे वाढ येते, असं काहीजण म्हणतात. काहींचं म्हणणं उलट: आधी माणसं धडपडतात, काहीतरी उभं करतात, आणि मग त्या आवाजानं बँक जागी होते. दोन्ही बाजू लिहा, पाच गुण. मी स्वतः कुठल्या बाजूचा, हे मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही दोन्ही बाजू लिहिल्या असत्या.

माझ्या साडूला मात्र लोक विचारतात.

माधवराव लातूरला असतात. माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली बहीण त्यांना दिलेली. शेअर दलालाची एजन्सी आहे त्यांची. वर विमा, म्युच्युअल फंड, असं सगळं. माणूस दिसायला माझ्यापेक्षा बरा, केस माझ्यापेक्षा जास्त, आणि सासरी थोरला जावई. म्हणजे गंध आधी त्यांना, टॉवेल-टोपी आधी त्यांना, पुरणपोळीवर तूपही आधी त्यांच्या. माझ्या ताटाकडे येईपर्यंत तुपाचं भांडं कलतं झालेलं असतं. जळकोटकडे सासरी ओट्यावर बसले की त्यांच्या मोबाइलवर हिरव्या-लाल रेघा वरखाली होत असतात आणि गावातली चार माणसं त्यात वाकून बघत असतात. "देश वाढून राहिला, सर," ते मला ऐकू जाईल असं म्हणतात, "मार्केट बघा." मी म्हणतो, मार्केट म्हणजे देश नव्हे, शेअर बाजार वर जाणं आणि जळकोटच्या माणसाच्या हाताला काम मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यातला संबंध गुंतागुंतीचा आहे. 'गुंतागुंतीचा' हा शब्द येईपर्यंत ओट्यावरचे लोक पुन्हा मोबाइलमध्ये वाकलेले असतात. खरं सांगतो, माझं म्हणणं बरोबर आहे. बरोबर असूनही कुणी ऐकत नाही, यानं पोटात जे दुखतं त्याला मी आजवर तात्त्विक मतभेद म्हणत आलो.

आता बालाजी. हा आमचा मेहुणा, दोन बहिणींच्या पाठीवरचा एकटा भाऊ. जळकोटजवळच्या गावात घर, थोडं शेत. सासरे गेले तेव्हा तो चाकणला एका कंपनीत होता. आई एकटी म्हणून परत आला. परत येऊन दोन हंगाम त्यानं नुसतं बघितलं. त्याला दिसलं ते असं: गावातला माल ट्रॉलीत भरून लातूरच्या मोंढ्यात जातो. तिथं खरेदीदार पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, माती, काडी, फुटका दाणा बोटानं बाजूला करतो आणि काही न बोलता भाव खाली आणतो. तेवढी फुंकर गावातच मारता आली तर? त्यासाठी चाळणीचं मशीन लागतं. एका तोंडातून माल घालायचा, दुसऱ्या बाजूनं स्वच्छ दाणा कट्ट्यात म्हणजे पोत्यात, मातेरं वेगळं. पंचक्रोशीतलं सोयाबीन येईल, मग हरभरा येईल, मग तूर. हिशेब सरळ होता.

बँकेत तो जाऊन आला होता. बँकेनं नाही म्हटलं नाही. बँक नाही कधीच म्हणत नाही. प्रस्ताव वर गेलाय, म्हणाले. तो वर गेला तो गेलाच. त्याच बँकेत गावातल्या अर्ध्या लोकांच्या ठेवी. म्हणजे पैसा गावात होता, काम गावात होतं, आणि त्या दोघांची गाठ पडायला प्रस्तावाला कुठल्या तरी मोठ्या शहरात जिने चढून यावं लागणार होतं. वर्गात मी काढतो तो बाण इतका सरळ का असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. खडूनं वाकडा काढायला वेळ लागतो, हेच एक कारण सापडलं.

"ताई, ह्या हंगामाला मशीन लागलं तर हाय," बालाजी सुनंदाला फोनवर म्हणाला. "न्हाई तर दिवाळी झाली की मी चाकणला जातो. आईला घिऊन जाईन न्हाई तर ठिवून जाईन, बघू." सुनंदानं फोन ठेवला आणि बराच वेळ भाजी निवडत बसली. निवडून झालेलीच भाजी पुन्हा निवडत होती.

मग तिनं भिशी काढली. म्हणजे भिशी आधीपासून होतीच: लातूरला तिच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, घरी जमणारी, नात्यातल्या आणि ओळखीतल्या घरांची लिलाव भिशी. तिची रीत अशी, की दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम भरायची. जमलेली थैली ज्याला हवी त्यानं बोली लावायची. बोली म्हणजे, या थैलीतले मी इतके सोडतो. जो जास्त सोडील त्याला थैली, आणि त्यानं सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटून. थोडक्यात, ज्याची निकड मोठी त्याचं नुकसान मोठं, आणि ज्याला घाई नाही त्याला घरबसल्या फायदा. हे मी तासाला उदाहरण म्हणून शिकवतो.

सुनंदानं भिशीतल्या एकेका घरी फोन केला. भावाची अडचण सांगितली. ह्या महिन्याला हात आवरा, म्हणाली. सगळ्यांनी हो म्हटलं. तशी पद्धतच आहे, खरी नड असली की बाकीचे बोलत नाहीत. एरवी ती स्वतः जाते. त्या रविवारी ती शिकवते त्या शाळेत काहीतरी होतं म्हणून मी गेलो. निघताना तिनं बजावलं, "फक्त 'दोन सोडले' म्हणायचं. दोन हजार. कुणी पुढं बोलणार नाही. पैसे घ्यायचे आणि यायचं. तिथं काही समजावून सांगू नका."

घटस्थापनेच्या आधीचा तो रविवार. लातूरला ऊन असं, की मोंढ्याकडून येणारी धूळसुद्धा तापलेली. माधवरावांच्या दिवाणखान्यात एसी लावलेला. नवा होता. मी त्याच्याकडे न बघता बसलो, आणि न बघण्यात बराच वेळ गेला. लिलाव चालवायला मेडिकलवाले गोविंदराव. चिवडा फिरला. गोविंदराव म्हणाले, "हां, बोला."

मी म्हणालो, "दोन सोडले."

सगळे बालाजीच्या बाजूनं गप्प. गोविंदराव थैलीकडे हात नेणार, इतक्यात माधवराव सोफ्यावर मागं रेलून म्हणाले, "पाच."

मला वाटलं, यांना नीट कळलं नसेल. मी हळूच म्हणालो, "माधवराव, ही बालाजीसाठी आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले. "मी घेतो ना. मीच देतो त्याला. तुम्ही कशाला तोशीस घेता, सर? नोकरदार माणूस तुम्ही."

नोकरदार माणूस! पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मला दिसलं, जळकोटला मशीन आलंय, हार घातलाय, आणि नारळ माधवराव फोडतायत. सासूबाई आधी त्यांना ओवाळतायत. गावातले लोक म्हणतायत, थोरल्या जावयानं केलं बघा पोराचं. आणि मी मागं, कुणाची तरी चप्पल सांभाळत उभा. "आठ," मी म्हणालो.

"दहा."

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काय करून राहिलात तुम्ही दोघं?" तिनं विचारलं. तिच्या नवऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. मीही नेमका तसाच हात वर केला. आमच्या दोघांत तेवढं एक साम्य त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. पुढचे आकडे इथं लिहीत नाही, कारण सुनंदा हा लेख वाचणार आहे. एवढंच सांगतो, की एका टप्प्यानंतर भिशीतल्या मंडळींनी चिवडा खाणं थांबवलं आणि क्रिकेटची शेवटची ओव्हर बघावी तसे ते बघायला लागले. शेवटी माधवराव हसले, "घ्या सर, घ्या," म्हणाले, आणि मी जिंकलो. माझ्या अंगावर खरोखर काटा आला. तो एसीचाही असेल.

गोविंदरावांनी माझा हात हातात घेतला. "सर," ते म्हणाले, "दर महिन्याला येत जा."

परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत मी आनंदात होतो. लोह्याला मला वजाबाकी सुचली.

सुनंदानं पिशवी घेतली, उघडली, बंद केली. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काही समजावून सांगितलं का तुम्ही तिथं?" मी नाही म्हणालो. ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पैसे बालाजीकडे पोचवले, मग त्याला फोन लावून माझ्या हातात दिला आणि बालाजी म्हणाला, "दाजी, पैसे कमी हायत का माझंच मोजायला चुकून राहिलं?" मी म्हणालो, बाजारात किमती अशाच ठरतात. असं का म्हणालो, मला माहीत नाही. सवय.

त्या दिवसांत एक गोष्ट मनात बसली ती अजून निघत नाही. सुनंदानं दोन-चार फोन करून जे उभं केलं होतं, त्याला माझ्या पुस्तकात 'संस्था' म्हणतात. लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवून हात आवरले होते, त्यामुळे बालाजीला पैसा जवळजवळ फुकट मिळणार होता. एकाही प्रस्तावाला जिने चढावे लागणार नव्हते. आणि तिथं आम्ही दोघं गेलो, एक शेअर बाजारवाला आणि एक अर्थशास्त्रवाला, देशाच्या वाढीबद्दल रोज बोलणारे. पैसा बचतीकडून कामाकडे निघाला होता. वाटेत आम्ही बसलो होतो. मोठ्या बाजारात, मोठ्या बँकांत, मोठ्या शहरांतही असंच होत असेल का? तिथंही कुणाला तरी कुणाच्या तरी आधी नारळ फोडायचा असेल, आणि त्या घाईत कुठल्या तरी गावच्या मशीनचा एखादा भाग गळून पडत असेल. पुस्तकात हेवा हा शब्द नाही. तिथं स्पर्धा म्हणतात, आणि स्पर्धेनं कार्यक्षमता वाढते असं पुढच्या ओळीत असतं. ती ओळ मी यंदा जरा भरभर वाचून दाखवली.

बालाजीनं मशीन घेतलं. उरलेल्या पैशात बसेल तसं. म्हणजे एलिव्हेटर सोडून. एलिव्हेटर म्हणजे उभा पट्टा, त्याला डबे लावलेले. खाली जमिनीवर ओतलेला माल तो आपोआप वर चढवतो आणि मशीनच्या तोंडात टाकतो. मशीनचं तोंड माणसाच्या डोक्याच्या वर असतं. एलिव्हेटर नसेल तर पाटी भरायची, स्टुलावर चढायचं, ओतायची, उतरायचं. हंगामात मजूर मिळत नव्हते. मिळाले तर त्यांना द्यायला बालाजीकडे काही उरलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी सुनंदानं माझी जुनी पँट काढून ठेवली.

"हे काय?"

"एलिव्हेटर तुम्ही घालवलात," ती म्हणाली. "आता तुम्हीच व्हा."

जळकोटला पोचलो तर ओट्यावर माधवराव. बनियन, डोक्याला उपरणं. अक्कानंही आपल्या नवऱ्याची व्यवस्था केली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि एकही शब्द न बोलता दोन पाट्या उचलल्या.

ते दिवस आठवले की अजून मानेला खाज सुटते. सोयाबीनची बारीक कुसळं कॉलरीत जातात आणि अंघोळीनंही निघत नाहीत. मशीनचा आवाज असा, की दात आपोआप वाजायला लागतात. चाळणीवर दाणे नाचतात, पंख्याच्या वाऱ्यानं भुसा उडतो, उन्हात तो क्षणभर सोन्यासारखा दिसतो आणि मग डोळ्यांत जातो. खालून मात्र दाणा येतो तो बघत राहावा असा: गोल, पिवळा, एकसारखा. ट्रॉल्यांची रांग लागायची. लोक सावलीला बसून आम्हाला बघायचे.

"बालाजी, जावई रोजानं आणले का गुत्तं देऊन?" गुत्तं म्हणजे ठोक कंत्राट.

"गुत्तं भिशीतच दिलं त्येंनी," बालाजी ओरडायचा.

"मास्तर, पाटी अर्धीच का भरून राहिले? थोरले बघा कशी काठोकाठ भरतेत!"

झालं. मी काठोकाठ भरायला लागलो. मग माधवराव एका ढांगेत स्टुलावर चढायला लागले. मग मी स्टुलावरून उतरताना उडी मारायला लागलो. सासूबाई ओट्यावर बसून डाळ निवडत हे सगळं बघायच्या आणि चहा मात्र आधी माधवरावांनाच द्यायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. थोरला जावई तो थोरला जावई. पण मी कप मोजत होतो.

एका दुपारी वीज गेली. मशीन थांबलं आणि एकदम पाखरांचा आवाज ऐकू आला. आम्ही दोघं कट्ट्यांच्या थप्पीला टेकून बसलो. माधवरावांनी उपरण्यानं मान पुसली. मग म्हणाले, "तुमचं बरं आहे, सर. एक तारखेला पगार. मी सकाळी मोबाइल उघडायला भितो. खाली गेलं की लोक मलाच फोन करतात, वर गेलं की कुणी करत नाही. तुमचा लई हेवा वाटतो मला कधी कधी." माणसाचं मन अशा वेळी विरघळायला हवं. माझ्या मनात आलं ते असं: एवढं मोठेपणाचं वाक्य, तेही यांनीच आधी बोलावं! आता मी बोललो तर ती नक्कल होणार. म्हणून मी नुसतं "हं" म्हणालो. तेवढ्यात वीज आली.

बालाजी चाकणला गेला नाही. हे एका ओळीत सांगतो, कारण ते माझ्यामुळे झालं असं मला वाटायला लागतं आणि मग लेख बिघडतो. सोयाबीननंतर हरभरा आला, मग तूर आली. लोकांनी पैसे मोबाइलवरून दिले, ते बँकेत दिसत गेले. उन्हाळ्यात एके दिवशी बँकेचे साहेब स्वतः मोटारसायकलवर आले. प्रस्ताव वर गेला तो खाली आलाच नाही, साहेब आले. चहा घेतला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि कर्ज पाहिजे का म्हणून विचारलं. म्हणजे आधी माणसं धडपडतात आणि मग त्या आवाजानं बँक जागी होते, ही दुसरी बाजू खरी. पण पहिल्या थैलीशिवाय आवाज झाला नसता, म्हणजे पहिली बाजूही खरी. पाच गुण.

त्या कर्जातून बालाजीनं काय घेतलं, हे बघायला मी आज चाललो होतो.

गाडीतून उतरलो, घराकडे वळलो आणि लांबूनच दिसला. निळा, उंच, ऊन पडलेला. पट्ट्यावरचे डबे एकामागून एक वर जात होते, मान मोडून दाणे ओतत होते, रिकामे खाली येत होते. घाम नाही, खाज नाही, धाप नाही. ट्रॉलीवाले त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. गेल्या वर्षी माझ्याकडे बघत होते तसे नाही, आदरानं. माधवराव आधीच येऊन उभे होते आणि त्याच्या पट्ट्यावरून हात फिरवत होते, जणू त्यांनीच घेतलाय. मला दोघांचाही हेवा वाटला. एका क्षणी तर मला एलिव्हेटरचाच जास्त वाटला.

मग मला राहवलं नाही. कोपऱ्यात गेल्या वर्षीची पाटी पडली होती. ती उचलली, ढिगातून काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि स्टूल शोधायला लागलो. माधवरावांनी ते बघितलं आणि तेही दुसरी पाटी शोधायला लागले.

ओट्यावर डाळ पाखडणाऱ्या सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाटी ठिवा खाली, जावई," त्या म्हणाल्या. "ह्यो एलिव्हेटर तुमच्यापेक्षा बरा हाय. ह्याला साडू न्हाई."